ते सर बदल, प्रभू

बुधवारी दुपारी माझ्या शिवणखोलीत आम्ही काही आया प्रार्थनेला बसतो. मशीन बंद, अर्धवट शिवलेल्या गणवेशांचे ढीग भिंतीकडे सारलेले, आणि विषय एकच: आपली मुलं आणि त्यांच्या शाळा. नियमही एकच. प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव आलं की प्रार्थनेची चहाडी व्हायला वेळ लागत नाही, असं आमच्या चर्चच्या पाळकबाईंचं म्हणणं. त्या आम्हाला चांगल्याच ओळखून आहेत.

माझी धाकटी सातवीत. गणिताचा तास असला की सकाळीच तिची रडारड सुरू व्हायची, आणि आता तर शाळेतच जाणार नाही म्हणून अडून बसली होती. कारण गणिताचे सर. कुणाचं चुकलं की असे ओरडायचे, की शेजारच्या पोरीला येत असलेलं उत्तरही पळून जायचं. मी शाळेत जाऊन भांडून आले. उपयोग शून्य. मग तक्रार थेट वर नेली.

त्याच सुमारास एक आजी शर्ट घेऊन आल्या. मुलाचे शर्ट, बटणं तुटलेली. खिशात खडूची भुकटी होती. माझाच कापडावर खुणा करायचा खडू लागला असेल म्हणून मी ती झटकून टाकली. आमची प्रार्थना चाललेली पाहून आजी म्हणाल्या, "मी बसले तर चालेल का गं? मीही आईच आहे."

"बसा की. तुमच्या मुलासाठी काय मागायचं?"

"मोठा झालाय आता. तुमचं चालू दे, मी आमेन म्हणेन."

मी डोळे मिटले. "प्रभू येशू, ते गणिताचे सर बदल. लवकर बदल. परीक्षेच्या आधी बदल." देवालाही मी तारीख घालून देते. धंद्याची सवय.

"आमेन!" आजींचा आवाज सगळ्यांच्या वर. दुसऱ्या कुणाच्या पोरांसाठी ही बाई इतकं मनापासून मागते, याचं मला फार कौतुक वाटलं. त्या दर बुधवारी यायला लागल्या. सरांचा विषय निघाला की त्यांचं आमेन ठरलेलं.

अशाच एका बुधवारी दार धाडकन उघडलं. धाकटी दप्तरासकट आत घुसली.

"आई! सर बदलले!"

"हालेलुया!" मी उडालेच. आमच्यातल्या एक जण नर्स आहेत, त्यांनी मला टाळी दिली. "नवीन कोण आले गं?"

"नवीन कुठे? तेच आहेत. पण बदलले! माझं गणित चुकलं ना, तर म्हणाले, थांब, चूक कुठे लपलीय ते दोघं मिळून शोधू."

"तेच आहेत?" माझं तोंड एवढंसं झालं.

"असं बोलला तो?" आजींनी विचारलं.

सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या. सरांना 'तो' म्हणणारी बाई जगात एकच असू शकते.

आजी पदरानं डोळे टिपत होत्या. "सून गेल्यापासून पार कडवट झाला होता गं. घरात तोंडातून शब्द नाही, आणि सगळा राग वर्गात. तुम्ही नाव घेत नव्हता, पण मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मला वाटायचं, याच्यासाठी मी एकटीच मागतेय. आणि तुम्ही परक्या बायका, माझ्या पोराला बदल म्हणून देवाकडे इतक्या कळवळून मागत होतात! परवा त्याला सांगून टाकलं. म्हटलं, ज्यांच्या मुलांवर ओरडतोस, त्या आया तुझ्यासाठी प्रार्थना करतात. ताटावरून उठला. मग किती तरी वेळ खोलीत रडत होता."

"अहो आजी, आम्ही तर त्यांना घालवाय..." नर्स बोलायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला. असा, की तीही जवळजवळ आमेन म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही मागितलं एक, आजींनी ऐकलं दुसरं, आणि ज्यानं द्यायचं त्यानं आजींचंच ऐकलं.

"आज शेवटची प्रार्थना तू कर," पाळकबाई मला म्हणाल्या. बाई हसू दाबत होत्या.

"प्रभू," मी सुरुवात केली, "त्या सरांना..." 'बदल' हा शब्द जिभेवर आला होता. गिळला. "त्या सरांना सांभाळ. इथेच ठेव, याच शाळेत. अगदी निवृत्त होईपर्यंत."

"आमेन!"

या वेळी आजींच्याही वर आवाज होता तो माझ्या धाकटीचा.