दहा ग्रॅम बटर

मला रागवायला कारण लागत नाही, पण त्या सकाळी होतं. महिनाभर पाण्यात वाफवलेल्या भाज्या गिळून मी काट्यावर उभी राहिले, तर भरले त्र्याऐंशी. सुरुवात ब्याऐंशीने केली होती!

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. माझी त्याला जुळते. पण डॉक्टरांची अट अशी, की चार महिन्यांत वजन सत्त्याहत्तरच्या आत आणायचं, नाहीतर ऑपरेशन नाही. डाएटवाली बाई म्हणाली, चरबीच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला चारच. झालं! भावजयीने माझ्या स्वयंपाकघरातून तेल, बटर, अंड्याचा पिवळा बलक, सगळं हद्दपार केलं आणि फॅट-फ्री बिस्किटांचे पुडे आणून रचले. "ताई, ही कितीही खा. यात चरबीच नाही."

मीही कितीही खाल्ली. पोट भरतच नव्हतं, तर काय करू?

त्र्याऐंशी बघितल्यावर मी पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. अहो, वीस वर्षं बेकरीत राबतेय मी! गेल्या वर्षी मालकाने फॅट-फ्री केक काढला, तेव्हा त्यातलं बटर काढून साखरेचा पाक ओतणारी बाई कोण? मीच. बटर काढलं की केक घशाखाली उतरत नाही, मग गोडी वाढवायची. लोकांना गंडवायचा माल मी स्वतः चहाबरोबर हाणत होते, तोही पुडेच्या पुडे.

बेकरीत चिमूटभर मीठसुद्धा मी काट्यावर टाकते, मग घरच्या ताटात अंदाजपंचे कशाला? दुसऱ्या दिवसापासून सगळं मोजून. दोन अंडी, बलकासकट. पावाचे दोन काप. आणि दहा ग्रॅम बटर. अकरा झालं तर सुरीने परत काढायचं. ग्रॅमला नऊ तर नऊ, कुणाला नको आहेत? पण दुपारपर्यंत भूक लागेना आणि पुड्याकडे हात जाईना.

अशाच एका सकाळी भावजय आली.

"ताई, बटर?"

"हो. दहा ग्रॅम."

"तिकडे ते पाणीसुद्धा घोट मोजून पितात, आणि तुम्ही..." तिचा आवाज चिरकला. "किडनी द्यायची नसेल तर सरळ सांगा ना. असं खाऊन खाऊन नाही म्हणू नका."

हातातली सुरी काही मी खाली ठेवली नाही.

"तुझा नवरा व्हायच्या आधीपासून तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले. "उरलेले तीन महिने गप्प बस. मी माझ्या पद्धतीने करणार. नाही जमलं तर मग काय हवं ते बोल."

ती दार आपटून गेली. मला पावाची चव लागली नाही, तरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

आठवड्याला अर्धा किलो उतरायचा. एखाद्या आठवड्यात काटा ढिम्म हलायचा नाही, मग मी त्याला सणसणीत शिव्या घालायचे आणि पावाचा एक काप कमी करायचे. बटर मात्र सोडलं नाही. डाएटवाली बाई कपाळाला हात लावून बसली. बसू दे.

चौथा महिना संपताना हॉस्पिटलच्या काट्यावर भरले शहात्तर किलो आठशे. भावजय माझा हात धरून ढसाढसा रडली. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"हे आम्ही किडनी देणाऱ्या प्रत्येकाला एकटं गाठून विचारतो," ते म्हणाले. "कुणाचा दबाव आहे का? मन नसेल तर आत्ता सांगा. बाहेर आम्ही एवढंच सांगू, की तुमची तब्येत बसत नाही. खरं कारण कुणालाही कळणार नाही."

दार नीट लागलंय ना, ते मी आधी वळून बघितलं.

"वजन वाढलं ना, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं," मी म्हणाले. "राग नंतर आला. भावजय बोलली ते अगदीच खोटं नव्हतं. मला भीती वाटते, डॉक्टर. मरायची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग?"

"मग काय? भीत भीतच सहा किलो उतरवलेत. तारीख द्या."