उभ्या गाडीचा विमा

"मग मधलं वर्षभर विमा का नाही काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आणि आमचे हे खुर्चीत सरसावून बसले.

"गाडी हललीच नाही ना! लायसन्स जमा झालं त्याच दिवशी कव्हर घातलं, बॅटरीची वायर काढली आणि विमा बंद केला. उभ्या गाडीला कसला विमा?"

हे त्यांनी इतक्या ऐटीत सांगितलं की मुलगी आता शाबासकी देणार असंच मलाही वाटलं. आमचे हे खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणारे, तेही दुसऱ्याच्या घरचा. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला जातात आणि गळका नळ दिसला की त्याचा वायसर फुकटात बदलून येतात. असा माणूस न चालणाऱ्या गाडीचे हप्ते भरेल कशाला?

मुलीने पेन खाली ठेवलं. "तिथेच घोडं पेंड खातंय. दारू पिऊन चालवल्याची शिक्षा झाली की इथल्या कायद्याने सलग तीन वर्षं विमा चालू ठेवावा लागतो. तो चालू आहे असं आम्ही लायसन्सच्या ऑफिसला कळवत राहतो. तुम्ही तो बंदच केलात, त्यामुळे तुमची तीन वर्षं अजून सुरूच झाली नाहीत. आजपासून मोजायची."

"अहो, पण हे कुणी सांगितलं नाही!" मी म्हणाले.

"कोर्टात सांगतात काकू."

मी यांच्याकडे पाहिलं. हे टेबलाकडे पाहत होते. "सांगितलं असेल," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी मला काही ऐकूच येत नव्हतं."

ते खरं होतं. मी मागच्या बाकावर होते. हे मान खाली घालून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला नुसतं हो हो म्हणत होते.

मुलीने आकडा सांगितला. आधीच्या हप्त्याच्या चौपट. शिक्षेमुळे दुप्पट, आणि मध्ये खंड पडला म्हणून त्याच्याही दुप्पट. पैसे वाचवायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून आले! माझ्या ओठांवर आलेले शब्द मी गिळले, कारण त्या पोरीसमोर नवऱ्याची शोभा करायची नव्हती. त्यासाठी घर होतं.

तिला आमची दया आली असावी. "तसं कुणाला लागलं नव्हतं ना काका?"

"नाही. उभ्या स्कूलबसला ठोकली. रिकामी होती." हे जरा थांबले. "पण ती रिकामी होती, यात माझं काही कर्तृत्व नाही."

दोन दिवस आम्ही दुसऱ्या कंपन्या पालथ्या घातल्या. एकीने फोनवर इतका वेळ गाणं ऐकवलं की मला ते पाठ झालं, आणि मग फोन कापला. दुसरीकडे टायवाला मुलगा आम्हाला पाणी विचारत होता, सर सर करत होता. शिक्षेचं ऐकलं आणि त्याचं हसू दुकानाच्या शटरसारखं खाली आलं. "अशा केसेस आम्ही घेत नाही." केस! तीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन निघावेत म्हणून खपलेला माणूस, एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणात चार पेले प्यायला आणि केस झाला. चुकलाच तो, मी नाही कुठे म्हणते? पण चुकलेल्या माणसाला परत सरळ रस्त्यावर यायचं असेल तर तो रस्ता इतका महाग का, हे मला कुणी समजावून सांगावं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलीसमोर बसलो.

"गाडी काकूंच्या नावावर केली तर? काकू, तुम्ही चालवता?"

"मला सायकलही येत नाही."

तिने विचार केला. "मग एकच मार्ग आहे. गाडीच नसेल तर बरंच स्वस्त पडेल. गाडी नाही पण लायसन्स टिकवायचंय, अशा लोकांसाठी वेगळा विमा असतो."

"म्हणजे विम्यासाठी गाडी विकायची?" माझा आवाज चढला. "आणि मग नसलेल्या गाडीचा विमा भरायचा?"

"तसंच म्हणा," ती ओशाळून म्हणाली.

बाहेर आल्यावर मात्र मी फुटलेच. "खड्ड्यात जाऊ दे ते लायसन्स! नाहीतरी वर्षभर बसनेच जाताय."

"बसमध्ये मशीनचा ड्रम नेता येत नाही. मोठी कामं सगळी दुसऱ्या एका व्हॅनवाल्याकडे गेली."

"गाडी विकल्यावर ती परत येणार आहेत?"

"तीन वर्षांनी येतील. विमा पुन्हा सगळ्यांसारखा होईल, तेव्हा जुनी गाडी घेऊ." त्यांनी हत्यारांची पिशवी दुखऱ्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आत्ता सोडून दिलं ना, तर माझ्या नावावर फक्त ती रात्र राहील. तीन वर्षं नीट पार पाडली, हेही राहू दे की."

घरी येऊन मीच 'गाडी विकणे आहे' अशी पाटी लिहिली.

गाडी घ्यायला एक नर्स आली. तिने चक्कर मारली नाही; विमा नसलेली गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती. यांनीच बॉनेट उघडून एकेक भाग दाखवला. क्लच जड आहे, डावी काच अडकते, सगळे दोष न विचारता सांगून टाकले. मी मागून चिमटे काढत होते. तरी तिला गाडी आवडली. पैसे दिले, चावीसाठी हात पुढे केला.

"विमा?" यांनी विचारलं.

"काढलाय ना. उद्या सकाळपासून लागू होतोय."

"मग उद्या सकाळी न्या."

"अहो काका, दोन गल्ल्यांपलीकडे तर राहते मी!"

"मीही तेव्हा दोनच गल्ल्या लांब होतो."

नर्स माझ्याकडे बघत राहिली. घेतलेले पैसे परत मागते की काय, म्हणून मी ते पदराआड केले. पण ती खांदे उडवून म्हणाली, "ठीक आहे, उद्या ड्यूटीच्या आधी येते," आणि चालत गेली.

मी स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळाने हे आत आले आणि गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्याजवळ असू दे." पुन्हा बाहेर गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून पाहायला गेले. कव्हर घडी करून ठेवलं होतं आणि हे स्टिअरिंगसमोर बसले होते. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या भिंतीवर. इतक्या दिवसांचा माझा राग एव्हाना बाहेर पडायला तयार होता. पण मी पलीकडचं दार उघडून शेजारी बसले, दार ओढून घेतलं.

त्यांनी मान न वळवता सांगितलं, "पट्टा लाव."

मी पट्टा लावला.