कमरेखालची खूण

"चीफ, हात अजून जरा वर घेता?" ट्रेंटने पुन्हा विचारलं, तेही अगदी अजिजीने.

व्हर्ननने हात उचलले. डावा गेला डोक्यावर. उजवा मात्र कमरेच्या वर यायलाच तयार नव्हता. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, त्यावर जागोजागी हालचाल टिपणारे पांढरे गोळे. सत्तरी उलटल्यावर नशिबी आलेला हा अवतार. समोरच्या पडद्यावर पिवळ्या सदऱ्यातला एक तरुण खलाशी उभा होता आणि व्हर्नन करेल तसंच करत होता. त्याचाही उजवा हात खालीच राहिला.

नॉरफोकच्या त्या गॅरेजात ट्रेंट आणि त्याचे मित्र हौसेखातर संगणकावर विमानवाहू जहाजाचा खेळ बनवत होते. समुद्र, वाफ, विमानं, सगळं हुबेहूब. डेकवरची माणसं तेवढी बुजगावण्यासारखी. व्हर्ननने उमेदीची वर्षं खऱ्या डेकवर पिवळा सदरा घालून विमानांना वाट दाखवण्यात काढली होती. तिथे इंजिनांच्या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत, बोलायचं ते हातांनी. म्हणून ट्रेंट त्याच्याकडे आला, आणि व्हर्ननने एरवीसारखे आढेवेढे घेतले नाहीत. आपण गेल्यावरही आपले हात कुठेतरी विमानं थांबवत राहतील, या कल्पनेने तो मनातून हरखला होता. लेकीला मात्र म्हणाला होता, रिकामपणाचा उद्योग.

"हे नाही चालायचं," तो आता स्वतःच म्हणाला. "कमरेच्या वरची खूण वैमानिकासाठी. खालची आपल्या डेकवरच्या पोरांसाठी. ही बघून वैमानिकाला वाटेल, दुसऱ्याच कुणाला सांगतोय. तो थांबायचाच नाही."

ट्रेंटने सुचवलं, हात संगणकावरच उचलून घेऊ. व्हर्ननने मान हलवली आणि पोशाखाची चेन ओढायला लागला. उचलून घेतलेले हात त्याचे कसले? त्याला फार वाईट वाटलं आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर लोरेटा, त्याची लेक, बसली होती. ती शाळेची बस चालवायची, आणि आज सुट्टी घालवून त्याला घेऊन आली होती.

"डॅडी, तो पोशाख द्या इकडे," ती म्हणाली.

"तू कधी जहाजावर पाय ठेवलायस?"

"माझी सायकलसुद्धा तुम्ही हातवारे करून आत घेतलीत. सगळी गल्ली हसायची. द्या."

पोशाख चढवून ती उभी राहिली. पुढे ये, डावीकडे वळ, सावकाश. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर धरली: थांब. त्याआधी डावं मनगट किंचित झटकलं. ही व्हर्ननची खोड. कुठल्याही नियमात नसलेली, आणि त्यापायी त्याने वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. पडद्यावर पंचविशीतला व्हर्नन टॅल्बट उभा होता. खऱ्या व्हर्ननला रडू आलं, आणि ते त्याने खोकल्यावर ढकललं.

डेकवर विमान पुढच्या पिवळ्या सदऱ्याच्या हवाली करताना दोन्ही हातांनी त्याच्याकडे दाखवायची रीत असते. व्हर्ननने जमतील तसे हात लेकीकडे केले. तिने मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

घरी पोचल्यावर तो नेहमीसारखा आधी उतरून छपराखाली गाडीसमोर उभा राहिला. गाडी हळूहळू पुढे आली. थांब म्हणायची वेळ झाली. उजवा हात उठेना. शेवटी त्याने मनगटं पोटाखालीच एकमेकांवर ठेवली.

गाडी जागच्या जागी थांबली.

"त्या खुणेवर वैमानिक थांबत नसतो," तो म्हणाला.

"मी कुठे वैमानिक आहे?" लोरेटा म्हणाली, आणि इंजिन बंद करून त्याला पायरी चढवायला खाली उतरली.