राळेचं मलम

थंडी पडायला लागली की बाकीच्यांच्या घरात जाड पांघरुणं बाहेर निघतात, या इस्त्रीवालीच्या घरात मेण निघायचं. संध्याकाळी कामावरून दमूनभागून यावं, चपला काढाव्यात, स्वयंपाकघरात पाय टाकावा, तर शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात वाडगा, वाडग्यात वितळणारं मेण, आणि समोर नवरा लाकडी चमचा घेऊन उभा. जेवणाचा पत्ता नाही. आत्ता हलवायचं थांबलो तर गुठळ्या होतील, असं तो म्हणायचा, आणि ती तिथंच स्टुलावर टेकायची. करते काय?

ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दिवसाला तीनशे चादरी, कधी साडेतीनशे. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सहाला यंत्रासमोर उभं राहायचं, ते दुपार कलेपर्यंत. वाफ आणि सोड्यानं हातांची पार चाळण व्हायची. थंडीत तर बोटांच्या पेरांना अशा भेगा पडत की पांढऱ्या चादरीवर रक्ताचा ठिपका उमटायचा, आणि ती चादर पुन्हा धुवायला परत. पायांबद्दल तर बोलायलाच नको.

नवरा बत्तीस वर्षं सार्वजनिक बागेत माळी होता. सगळे त्याला माळीबुवा म्हणत. घरीही तेच नाव चिकटलं. निवृत्त झाला, लोकांनी हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी माळीबुवा भिंतीकडे तोंड करून झोपले ते दोन महिने उठलेच नाहीत. दाढी नाही, आंघोळीची शुद्ध नाही, बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. म्हणजे औषधही नाही. ती कामावर जायची तेव्हा तो ज्या कुशीवर असायचा, परत यायची तेव्हाही त्याच कुशीवर. चादरींना इस्त्री करता करता तिच्या मनात एकच घोळायचं, की आज घरी जाऊन काय बघावं लागतंय.

मग एके दिवशी त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. बागेत फांदी छाटली की तो त्या जखमेवर मेण, तेल आणि राळ एकत्र वितळवून लेप लावायचा. वर्षभरात साल कशी छान मिटून यायची. भल्या माणसानं हिशेब केला, साल काय नि कातडी काय, भेग ती भेग. उठला, बाजारात गेला, पिवळ्या फुलांच्या पाकळ्या तेलात मुरवल्या, त्यात मेण घातलं, राळ घातली, आणि रात्री स्वतःच्या हातानं तिच्या बोटांना चोळलं.

बाई, काय आग झाली ती! सकाळी बोटं सुजून टम्म. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की मावशी, तुमच्या कातडीला राळ सोसत नाही, पुन्हा शिवू नका. मलमाची एक ट्यूबही दिली. हे सगळं नवऱ्याला सांगायचं म्हणूनच ती घरी आली होती. दार उघडलं तर माळीबुवा दाढी करून, भांग पाडून टेबलाशी बसलेले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवताहेत. "गुण आला का गं?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली, आला.

एवढंच. या एका शब्दानं तिला तीन हिवाळे नाचवलं. हिवाळ्यात मलम, उन्हाळ्यात काकडीचा रस तोंडाला आणि सालं कुंडीला, पावसाळ्यात साबणाचं पाणी, निम्मं गुलाबावरच्या मावा किडीसाठी, निम्मं हिच्या केसांसाठी. कॉफीचा चोथा साखरेत कालवून टाचांना, उरलेला मातीत. झाड आणि बायको यांत त्यानं कधी भेदभाव केला नाही. बाकीचं सगळं निभायचं. राळेचं मलम मात्र जिवावर यायचं. रात्री तो डबी पुढे करणार, ही लावणार, मग न्हाणीघरात जाऊन गरम पाण्यानं घासून घासून धुणार, आणि कामाच्या पिशवीतली ट्यूब काढून चोरासारखी लावणार. तरी थोडं राहायचंच. लाल झालेलं दिसलं तर वाफ लागली म्हणायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! दमलेल्या माणसाला चादरी जड होत नाहीत हो, खोटं सांभाळणं जड होतं. पण सांगावं, आणि हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला तर? त्यापेक्षा हात जळलेले परवडले. तो ते मलम शेजारपाजारी वाटायला निघाला तेव्हा तिनं लाडिकपणे अडवलं, माझ्यापुरतंच करा. तोही खुलला होता.

या थंडीत लेक आली, दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन. नातीचे गाल गार वाऱ्यानं फुटून लालेलाल झालेले. माळीबुवांनी पाहिलं आणि आत जाऊन डबी आणली. लेक यायच्या आधीच आठवडाभर खपून त्यांनी ती इवलीशी डबी भरून ठेवली होती, वर चिठ्ठी, नातीसाठी.

 इस्त्रीवालीनं आधी म्हणून बघितलं की एवढ्या लहान जिवाला काही लावू नये. तो हसला. फुलं घरची, मेण शुद्ध, आणि तीन वर्षांचा पुरावा समोर उभा आहे म्हणाला. मग ती म्हणाली, बाळ झोपलंय, नंतर बघू. बाळ टक्क जागं होतं. लेकीनंच तिचा हात धरला आणि म्हणाली, आई, तुला तर चांगला गुण आलाय, बाबांनी एवढ्या हौसेनं केलंय, लावू दे ना. तेवढ्यात त्यानं झाकण उघडून बोट बुडवलंही होतं.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"मला कधीच गुण आला नाही," ती म्हणाली. "राळेनं माझी कातडी जळते. रोज धुऊन टाकते मी."

 बोटावरचं मलम तसंच घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला. लेकीनं मुलीला उचलून छातीशी धरलं आणि उगाच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"पहिल्या वर्षीसुद्धा?"

"पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही उठून बसला होतात," ती म्हणाली.

त्यानं बोट फडक्याला पुसलं, एकदा, दोनदा, पुसून झाल्यावरही पुसत राहिला. डबीचं झाकण लावलं. मग खुर्चीत बसला, अगदी हळू, आणि तिला वाटलं, संपलं. आता हा उठायचा नाही. तिला त्याची कीव आली, स्वतःचीही आली, आणि रागही आला, तीन वर्षांचा साठलेला.

"मग आता मी सकाळी उठून काय करू?" त्यानं विचारलं. चिडून नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं.

तिच्याकडे समजुतीचं काही उरलं नव्हतं. ती एवढी थकली होती की खरं तेच तोंडातून निघालं.

"मला चहा करून द्या," ती म्हणाली. "साडेपाचला निघते मी. रोज उपाशी निघते. एवढ्या वर्षांत सकाळचा कपभर चहा मला कुणी हातात दिला नाही. मलम नको, काकडीचा रस नको. चहा द्या."

लेक खिडकीकडे तोंड करून रडत होती. माळीबुवांनी डबी बाजूला सारली. छत्तीस वर्षांचा संसार, एकाच ताटाचं जेवण, आणि माणूस विचारतो काय, तर,

"साखर किती घेतेस तू?"

"दीड चमचा," ती म्हणाली.