औषधाला कांदा नसतो

मुग्धा शाळेच्या प्रार्थनेत सगळ्यात पुढे उभी राहते. हा मान नव्हे, उंची. नऊ वर्षांच्या नातीची ही बढती सुहासिनीबाईंना बघवेना, तेव्हा त्या तिला आणि तिच्या आजोबांना घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. कौशिकांकडे गेल्या.

"माताजी, बच्ची ठीक है," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं सावकाश हिंदीत समजावलं. उंची बरीचशी आईवडिलांकडून येते. तरी खाण्यात प्रोटीन वाढवा. दूध-अंड्यासारखं, प्राण्यांकडून आलेलं प्रोटीन पोटात गेलं की आयजीएफ-वन नावाचं हार्मोन वाढतं. ग्रोथ हार्मोन हा साहेब, तर हा त्याचा मुनीम. हाडांना वाढायचा हुकूम तोच पोचवतो.

मुनीम पटला. अंडं अडलं. झाशीत येऊन घराण्याच्या कित्येक पिढ्या झाल्या. बोलण्यात निम्मी हिंदी शिरली, पण घरात अंडं शिरलं नव्हतं.

मात्र औषधाला सगळं माफ असतं. सुहासिनीबाईंनी माफी दिली आणि लगेच नियमही घातले. औषध गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, साताऱ्याकडून फौजी नवऱ्यासोबत आलेल्या नीलमच्या गॅसवर शिजेल. आणि औषध चवीचं नसेल. पहिल्याच दिवशी वरून खमंग वास आला, तशा त्या जिन्यातून ओरडल्या, "नीलम, औषधाला कांदा नसतो!"

"हो काकू," म्हणाली नीलम, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकी लावून घेऊ लागली.

रघुनाथराव नातीला धीर द्यायला सोबत जात. धीर एका अंड्याचा असे, रविवारी दोन.

"आजी, बहुत कडवा था," मुग्धा तोंड वाकडं करत खाली येई. आजी तिच्या हातावर साखर ठेवी आणि शुद्धीसाठी वर पेलाभर दूध पाजी. अंड्याचं पाप दुधाने धुतलं जाई, आणि मुनीमजींना दोन्हीकडून पगार मिळे.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा उंची मोजली. खूश झाले. वयाला शोभेल अशी वाढ होती.

"अंडे से?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक निघाले. कशाने ते सांगता येणार नाही, म्हणाले. एका अभ्यासात काही मुलांना मांस दिलं, काहींना दूध. हार्मोन वाढलं ते दूधवाल्यांचं. "आपके यहाँ दूध तो है ही. अंडा न भी दें, तो चलेगा."

रघुनाथरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मुग्धाचा खालचा ओठ बाहेर आला. "यानी... बंद?"

"अगं, सुटलीस की! कडू होतं ना?"

"हो," म्हणाली मुग्धा, आणि तिने भोकाड पसरलं.

सुहासिनीबाईंनी नातीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. ते भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे सुतक असल्यासारखे बघत होते.

"कडू औषध सुटलं म्हणून रडणारं पोर मी आज पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. "आणि म्हातारंही."

मुग्धाला उचकी लागली होती. सुहासिनीबाईंनी पदराने तिचं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टर साहब, दवाई का कोर्स बीच में छोड़ना ठीक नहीं होता ना?"

"नहीं माताजी, लेकिन वो तो एंटीबायोटिक का..."

"बस, बस. हम पूरा करेंगे."

परतताना रिक्षात मुग्धाने विचारलं, "आजी, कोर्स कब तक?"

"तुझी वाढ पुरी होईपर्यंत."

रघुनाथरावांनी घसा साफ केला. "आणि माझा?"

"तुम्हाला अक्कल येईपर्यंत."

रघुनाथराव मागे टेकून निश्चिंत बसले.