सावलीचे खड्डे

दुसऱ्यांदा नापास झाल्याचा कागद सिस्टरनं परीक्षकाच्या हातून घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि हेल्मेटमध्ये कोंबला. कागदावर एकच ओळ होती. चालक सपाट रस्त्यावर विनाकारण गाडी वळवते. विनाकारण! सव्वीस वर्षं मोटरसायकल हाकणाऱ्या बाईला हे सांगणाऱ्या माणसाला अजून धड मिशी फुटली नव्हती.

तिनं त्याला शांतपणे विचारलं, की रस्त्यात खड्डा आला तर वळवू नको का? त्यानं तिच्याहून शांतपणे सांगितलं, की ती सात ठिकाणी वळली आणि सातही ठिकाणी झाडाची नाहीतर खांबाची सावली होती, खड्डा एकही नव्हता. मागून मोटारीतून येताना त्यानं सातही जागा लिहून घेतल्या होत्या. सिस्टरनं मनातल्या मनात त्याच्या चष्म्याच्या नंबराची चौकशी केली आणि निघाली.

परक्या देशात येऊन सहा महिने होत आले होते. या सहा महिन्यांत तिचा जीव कशानं मेटाकुटीला आला नव्हता ते विचारा. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा होता आणि घरमालकाला बँकेचा कागद. फोटो तीनदा परत आला, कारण एकदा ती हसली होती आणि दोनदा तिचे कान दिसत नव्हते. कार्यालयात टोकन घेऊन दोन तास बसल्यावर कळायचं, की खिडकी तीन नाही, पाच. तिच्या नावाचे तर प्रत्येकजण आपल्या सोयीनं तुकडे पाडायचा. म्हणून तिनंच सगळ्यांना सांगून टाकलं, की मला नुसतं सिस्टर म्हणा, गावाकडेही सगळे तेच म्हणतात. पण ती खचणाऱ्यातली नव्हती. रोज सकाळी गाडीला किक मारली, की कालचा सगळा वैताग धुरासारखा मागं राहायचा.

तिचं काम घरोघरी जायचं होतं. दिवसाला नऊ घरं. कुणाची जखम धुऊन पट्टी बदलायची, कुणाला सुई टोचायची, कुणाची नळी साफ करायची. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम तीन वर्षं भरत नव्हती आणि तो दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू द्यायचा नाही. सिस्टरनं पहिल्याच दिवशी त्याला आपल्या भाषेत सणसणीत दम भरला होता. शब्द कळला नाही, पण म्हाताऱ्याला दम बरोबर कळला. आता जखम कडेनं गुलाबी होऊन भरत चालली होती.

गोची अशी, की गावाकडच्या लायसन्सवर इथं फक्त सहा महिने गाडी चालवता यायची. त्यातले अकरा दिवस उरले होते. ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की इथलं लायसन्स नसेल तर नऊ घरं दुसरीला जातील आणि सिस्टरनं तळघरात बसून कात्र्या नि चिमटे धुवायचे. बसनं फिरून नऊ घरं होणार नव्हती, झालीच तर कशीबशी चार. परीक्षेची शेवटची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. तिसऱ्यांदा नापास झालं की वर्षभर अर्ज करता येत नव्हता.

घरी आली तेव्हा मास्तर भाजी चिरत होते. मास्तर म्हणजे तिचे यजमान. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि बायकोच्या नोकरीमागं इकडं आले. लोक बायकोला मागं बसवून हिंडतात, यांच्या घरी लग्नापासून उलटा कारभार. मास्तरांना गाडी कधी जमलीच नाही. पण मागं बसून ते गप्प राहिले असते तर ते मास्तर कसले? गावाकडचे रस्ते असे, की समोर बघावं तर चाक खड्ड्यात, खाली बघावं तर समोर म्हैस. तेव्हा दोघांनी कामं वाटून घेतली. समोरचं तिनं बघायचं, जमिनीचं त्यांनी. डाव्या अंगाला खड्डा असला की मास्तर तिच्या डाव्या खांद्यावर टिचकी मारत, उजवीकडं असला की उजव्या. टिचकी लागली की गाडी वळलीच. तिनं कधी खाली बघून खात्री केली नाही. नवऱ्याच्या एवढ्या एका गोष्टीवर तिचा आंधळा विश्वास होता, बाकी साखर कुठं ठेवली यावरही नव्हता.

इथंही रविवारी दोघं फिरायला निघत आणि टिचक्या चालू असत. मास्तर इथं रमले नव्हते, हे तिला दिसत होतं. रंगांची पेटी आणली होती ती कपाटावरून खालीच आली नव्हती. पुस्तक उघडून बसत आणि पान उलटत नसत. गेल्या आठवड्यात भाजीत मिठाऐवजी साखर पडली, तेव्हा ती चिडून बोलून गेली होती, की तुम्हाला इथं राहायचंच नाहीये, म्हणून कशात लक्ष नाही.

नापास झाल्याचं ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "परत जाऊया का आपण?"

"चिमटे धुवीन, पण अशी हरून जाणार नाही," ती म्हणाली. मनात मात्र तिला राग आला. हे तर वाटच बघतायत.

दुसऱ्या दिवशी ती गाडी शिकवणाऱ्या बाईंकडं गेली. पांढऱ्या केसांची, खणखणीत आवाजाची बाई होती आणि अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत सिस्टरला उभं करताना तिला जराही संकोच वाटत नसे. बाईंनी तासभर मागून गाडी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, की तुमचं बाकी सगळं फर्मास आहे, पण काळं काही दिसलं की तुम्ही बघतच नाही, नुसत्या वळता. हे खड्डे आहेत असं तुम्हाला शिकवलं कुणी? सिस्टर हसून म्हणाली, की ते खातं आमच्या मास्तरांचं.

येताना तिनं विचार केला, की खातं त्यांचं असेल तर शिकवणीही त्यांचीच लावावी. उजेड-सावली शिकवण्यात त्या माणसाचा जन्म गेला होता. सावली आणि खड्डा यात फरक कसा ओळखायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

रविवारी सकाळी तिनं मास्तरांना गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. रस्ता असा गुळगुळीत, की त्यावर कणीक मळावी. बाजूला दिव्यांचे खांब होते आणि कोवळ्या उन्हात त्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. ती सावकाश निघाली. पहिल्या खांबाजवळ उजव्या खांद्यावर टिचकी बसली. या वेळी ती वळली नाही. ब्रेक दाबला, गाडी उभी केली, उतरली आणि चालत जाऊन बघितलं. खांबाची सावली होती.

"अहो, हे काय आहे?" तिनं विचारलं.

"खड्डा," मास्तर म्हणाले. गाडीवर बसल्या बसल्या, चार पावलांवरून.

"नीट बघा."

मास्तरांनी मान पुढं केली, डोळे बारीक केले, मान थोडी तिरकी केली. ही तिरकी मान सिस्टरनं नऊ घरांतल्या सहा घरांत रोज पाहिलेली होती. ती परत आली, पिशवीतून पेनासारखा टॉर्च काढला आणि भर रस्त्यात नवऱ्याची हनुवटी धरून डोळ्यांत उजेड टाकला. उजव्या डोळ्यात दुधाळ पडदा दिसला. डावा त्याच्यापेक्षा बरा म्हणायचा एवढंच. मोतीबिंदू, आणि तो काही कालचा नव्हता.

तिला धरणी दुभंगावी असं वाटलं. गावभरच्या लोकांचे डोळे, कान, पाय ती तपासत फिरत होती आणि घरातल्या माणसाच्या पुस्तकाची पानं का उलटत नाहीत, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. वर भाजीतल्या साखरेवरून त्याला बोल लावला होता. तिला स्वतःचा सपाटून राग आला आणि नेहमीप्रमाणे तो निघाला नवऱ्यावर.

"किती दिवस झाले?"

"वर्ष झालं असेल. निघायच्या आधीपासून."

"आणि बोलला नाहीत? मी काय न्हावीण आहे का? नर्स आहे मी!"

मास्तर गाडीवरच बसून होते. हात मांडीवर ठेवलेले, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. म्हणाले, की तिची नोकरी नुकतीच लागलेली, कागदांच्या कटकटी संपत नव्हत्या, त्यात आणखी एक कशाला. पुढचं ते हातांकडं बघत बोलले.

"चित्र गेलं, वाचन गेलं. तुझ्या मागं बसून खड्डे सांगायचे, एवढंच काम उरलं होतं माझ्याकडं. ते पण काढून घेतलं असतंस."

सिस्टरला उलगडा झाला आणि हसूही आलं, रडूही. सहा महिने हा माणूस तिला सावल्यांवर टिचक्या मारत होता आणि ती मुकाट वळत होती. इतकी, की आता मागं कुणी नसतानाही काळं दिसलं की गाडी आपोआप वळायची. सातच्या सात खड्डे मास्तरांचे होते.

"म्हणजे माझ्यामुळं नापास झालीस," मास्तर म्हणाले.

"तुमच्यामुळं. म्हणून आता पास पण तुम्हीच करायचं. उतरा खाली."

मग त्या रस्त्यावर जे सुरू झालं ते बघून गोदामाचा पहारेकरी दारात खुर्ची टाकून बसला. मास्तर पुढं चालत जायचे, काळं दिसेल तिथं बूट आपटून, पायानं चाचपून बघायचे आणि कडेला होऊन वर्गात ओरडावं तसं ओरडायचे, "सपाट!" मग सिस्टर गाडी काढून त्यावरून सरळ जायची. पहिल्या दिवशी हात ऐकेनात. "सपाट" ऐकूनही गाडी बोटभर का होईना वळायचीच. मास्तर तिला तीच जागा पुन्हा करायला लावत. एक शब्द रागावत नसत, पण सोडतही नसत. किती पोरांच्या हातून सरळ रेघ काढून घेतली असेल त्यांनी. चौथ्या दिवसापासून ते तिला शिकवायला लागले, की खड्ड्याला काठ असतो आणि उन्हाकडचा काठ चमकतो. सावलीला काठ असला तरी तो चमकत नाही. सावली तुझ्या चाकावर चढते, खड्डा जागचा हलत नाही. त्यांना स्वतःला यातलं काही दिसत नव्हतं, पण तीस वर्षांची शिकवणी डोळ्यांत थोडीच असते. सिस्टर जन्मात पहिल्यांदा जमिनीकडं स्वतः बघायला लागली. शेवटच्या दिवशी ती सगळ्या खांबांच्या सावल्यांवरून सरळ गेली, तेव्हा पहारेकऱ्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात तिनं डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. तीनदा फोन वाट बघायला लावून तुटला, चौथ्यांदा चुकीच्या विभागात लागला, पाचव्यांदा तारीख मिळाली. परीक्षेच्याच दिवशी, दुपारी एक वाजता. तिथं जायला बस नव्हती. मास्तर म्हणाले, की पुढची घेऊया, तुझ्यावर ताण नको. ती म्हणाली, की पुढची चार महिन्यांनी आहे, आणि मी काही नापास व्हायला चाललेली नाही.

परीक्षेला तोच बिनमिशीचा होता. हेल्मेटमध्ये बसवलेल्या यंत्रातून कानात त्याचा आवाज आला, डावीकडं घ्या, सरळ जा, चौकात थांबा. पुढं तोच झाडांचा रस्ता लागला. वारा होता आणि सावल्या हलत होत्या. पहिली सावली समोर आली तसा तिचा उजवा खांदा आपोआप आखडला. तिनं खाली बघितलं. काठ चमकत नव्हता. गाडी सरळ गेली. दुसरी, तिसरी, चौथी. सातवी ओलांडली तेव्हा ती हेल्मेटच्या आत मोठ्यानं "सपाट" म्हणाली आणि कानातल्या आवाजानं काय झालं म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, काही नाही, रस्ता चांगला आहे तुमचा.

आवारात परतल्यावर त्यानं कागद दिला. या वेळी त्यावर शेरा नव्हता, नुसता शिक्का होता. सिस्टरनं तो खिशात ठेवला आणि गाडी फाटकाकडं वळवली. तिच्यापुढं आणखी दोघं परीक्षा देऊन निघाले होते. तिघांची एकसारखी हेल्मेटं, एकसारखी पिवळी जाकिटं. फाटकाबाहेर मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. पहिली गाडी बाहेर पडली तसा त्यांनी हात उंच करून हलवला, अगदी आनंदानं. तो तरुण गोंधळून निघून गेला. दुसरी गाडी निघाली, मास्तरांनी पुन्हा तसाच हात हलवला.

सिस्टरनं गाडी त्यांच्या अगदी जवळ नेऊन थांबवली आणि काच वर केली.

"अहो, मी आहे."

"पास?"

"पास. बसा मागं. आता तुमचा नंबर."