झाकणावरच्या दोन टपल्या

“बाबा, लोकांच्या पेटीला असा खटका बसवून दिला असतात ना, तर गिऱ्हाइकानं तीच पेटी तुमच्या डोक्यात घातली असती!”

लेकीने पेटीचं झाकण लावलं आणि मोटरसायकल जराशी हलवली. झाकणाने लगेच आ वासला.

खटकेवाले कानस उगाचच फडक्याला पुसत राहिले. मोटरसायकलवरच्या पेट्यांचे झिजलेले खटके दुरुस्त करावेत तर त्यांनीच. झिजलेल्या जिभेवर पितळेची झाळ चढवायची, कानशीने घासून बेताची करायची, मरगळलेली स्प्रिंग बदलायची. मग ती पेटी खाचखळग्यांना भीक घालायची नाही. पण घरच्या गाडीवरच्या पेटीचं म्हणाल, तर दिव्याखाली अंधार! लग्न झाल्यापासून तिचा खटका ढिला तो ढिलाच.

पहिल्याच सहलीला झाकण उघडलं आणि दोघांचे कपडे रस्ताभर पसरले. नवी नवरी, आता रुसणार, अशी त्यांची खात्री होती. ती मात्र रस्त्याच्या कडेला बसून पोट धरधरून हसली. “अहो, जगाचे खटके नीट करता आणि आपलं बिऱ्हाड रस्त्यावर?”

तेव्हापासून ती मागे बसली की एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि दुसरा पाठीमागे, पेटीच्या झाकणावर. निघताना झाकणावर दोन टपल्या मारायची. म्हणजे, मी बसले, पेटी धरली, चला आता. त्या टपल्या ऐकल्याशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नाही. खटक्याचा विषय निघाला की म्हणायचे, “उद्या करतो.” खरं सांगायचं तर त्यांना तो करायचाच नव्हता. दोन टपल्यांची इतकी सवय झाली होती!

“तुमचा उद्या उजाडेल तेव्हा मी म्हातारी झालेली असेन,” ती म्हणायची.

ती म्हातारी झालीच नाही. आजारपणाने तिला त्याआधीच नेलं. गाडी ताडपत्रीखाली गेली. झाकणावर तिचा हात असायचा तिथला रंग उडून पत्रा लख्ख झाला होता, तो तेवढा तसाच राहिला.

आता लेकीला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, आणि आई बसायची तीच गाडी हवी म्हणून ती हटून बसली होती. आज निघायचं होतं.

“जरा हात ठेवला की राहतंय गं झाकण,” खटकेवाले पुटपुटले.

“कुणाचा हात, बाबा? माझ्या मागे कोण बसणार आहे?”

त्यांची नजर मागच्या रिकाम्या सीटवर गेली.

“औषधं असणार आहेत आत,” ती हळू आवाजात म्हणाली. “वळणावर सांडली तर मी काय करू?”

खटकेवाल्यांनी डोळे पुसले आणि खटका पुन्हा उतरवला. या खेपेला मघासारखा हात राखला नाही. झाळ दिली, घासलं, लावून पाहिलं, पुन्हा घासलं. शेवटी झाकण लागलं ते खट्कन. लेकीने गाडी गदागदा हलवली, पण झाकण जागचं हललं नाही.

“आता कसं! इथं जरा रंग मारू का?” तिने त्या लख्ख जागेवर बोट ठेवलं.

“त्याला हात लावायचा नाही!” ते एकदम ओरडले, आणि मग स्वतःच ओशाळले.

लेक त्यांच्या पाया पडली. गाडी सुरू केली. पण निघेचना.

“काय गं, काय विसरलं?”

“टपल्या, बाबा.”

“अगं वेडे, आता पक्का बसलाय खटका.”

“बसू दे की. आपल्या घरातली गाडी त्याशिवाय निघते का?”

खटकेवाल्यांनी तळवा झाकणावर ठेवला. त्यांचा हात मोठा, त्या जागेत मावेना. तिचा हात एवढासा होता हे ते विसरूनच गेले होते. त्यांनी दोन टपल्या मारल्या. गाडी निघाली.

गल्लीच्या तोंडाशी जुना खड्डा होता. झाकण दर वेळी तिथेच उघडू पाहायचं. गाडी त्यात आदळली आणि उसळली. दारात उभ्या खटकेवाल्यांचा हात आपसूक पुढे गेला.

झाकण बंदच राहिलं. गाडी वळली, तरी हात तसाच पुढे होता.